झांकलेला दिवा

आमच्या घराण्यांत भिक्षुकी झाली, कुळकर्णपण झालें, आमच्या पिढीपासून शिक्षकाचा पेशाहि झाला. परंतु मालाचा ट्रक आजवर कोणीं ठेवला नव्हता. म्हणून तीन वर्षांपूर्वीं आमच्या कैलासवासी वडील बंधूंच्या धाकट्या चिरंजीवानें एक वापरलेला ट्रक विकत घेण्याचा बेत आमच्यापुढें मांडला, तेव्हां माजघरांत बरीच कुजबुज झाली. वडील बंधु गेल्यापासून घरांतील शेवटचा शब्द आमचा मानण्याची रीत पडली आहे. आम्हीं विचार केला कीं, भोकरदनासारख्या गांवीं राहून व्यापाराला नाक मुरडणें शोभत नाहीं. केळणेच्या कांठचें हें गांव पूर्वीं भोगवर्धन या नांवानें प्रसिद्ध होतें. सांची येथील शिलालेखांत येथील दात्यांचा उल्लेख आहे, आणि १९७३ सालच्या उत्खननांत येथें जी हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली, तिच्याशीं मिळतीजुळती मूर्ति थेट इटलींतील पाँपेई नगरींत मिळालेली आहे. ज्या गांवचा संबंध दोन हजार वर्षांपूर्वीं इतक्या दूरवर पोंचला होता, त्या गांवच्या मुलानें माल वाहूं नये काय? "घे, बाबा," असें आम्हीं म्हटलें, आणि दाराशीं ट्रक आला.

हंगामाप्रमाणें मका, कापूस, सोयाबीन आणि पिंपळगांव रेणुकाईच्या बाजारांतील हिरवी मिरची, असा त्याचा व्यवसाय चालूं लागला. मिरचीचा माल फार नाजूक. संध्याकाळीं भरलेली गाडी पहांटे मुंबईच्या बाजारांत उभी राहिली नाहीं, तर भाव पडतो आणि माल सुकतो. त्यामुळें गाडी एक दिवस बंद ठेवणें म्हणजे घराच्या हिशेबांत भगदाड पाडणें, हें आम्हांस लौकरच समजलें. हा हिशेब आमची धाकटी सूनबाई, म्हणजे त्या पुतण्याची पत्नी, ठेवीत असे. ती पदवीधर आहे, आणि हातीं पडलेला कोणताहि छापील कागद वाचल्यावांचून ती खालीं ठेवीत नाहीं.

गेल्या चैत्रांत तिनें आमच्यापाशीं एक गोष्ट काढली. गाडीच्या चालकापुढील फळीवर जे लहानलहान दिवे असतात, त्यांतील एक पिवळा दिवा सारखा पेटलेला राहत होता. चालकास रात्रीं त्याचा उजेड डोळ्यांवर येई, म्हणून त्यानें त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. सूनबाई म्हणाली, "मामंजी, गाडीच्या पुस्तिकेंत लिहिलें आहे कीं, हा दिवा गाडी चालूं लागली म्हणजे विझला पाहिजे. आपला विझत नाहीं. पट्टी लावण्याऐवजीं एकदां मिस्त्रीला दाखवावी."

पुतण्या शेजारींच बसला होता. तो हंसून म्हणाला, "काका, ब्रेक उत्तम लागतो आहे. हंगाम संपला कीं दाखवूं."

दोघांनींहि आमच्याकडे पाहिलें. आम्हीं चष्मा पुसला आणि निकाल दिला: "सूनबाई, ब्रेक लागतो आहे ना? मग एका दिव्याची काळजी कशाला करतेस? पुस्तकांतलें सगळेंच व्यवहारांत उतरत नसतें." चाळीस वर्षें मुलांना पुस्तक शिकविलेल्या मनुष्याच्या तोंडचें हें वाक्य! ती कांहीं बोलली नाहीं. भांडीं आवरून आंत गेली, आणि त्यानंतर गाडीविषयीं हिशेबापलीकडे एक अक्षरहि बोलली नाहीं. आम्हांस वाटलें, तिची समजूत पटली.

मृगाचा पाऊस नुकताच सुरू झाला होता. पुतण्या मका घालावयास जालन्यास गेला, आणि शाळेचीं पुस्तकें घ्यावयाचीं म्हणून त्याचा नऊ वर्षांचा मुलगाहि बरोबर गेला. परततांना गाडी रिकामी होती. राजूर सोडल्यावर रस्ता पावसानें निसरडा झालेला, अंधार पडत आलेला. इतक्यांत एका वळणावर बैलांची जोडी रस्त्यांत आली. चालकानें कचकन् ब्रेक दाबला. मागचीं चाकें फिरावयाचीं थांबलीं, परंतु गाडी थांबली नाहीं; तिचा मागचा भाग फरफटत बाजूला वळला, गाडी आडवी होऊन रस्त्याखालीं उतरली, आणि एका बाभळीला टेंकून उभी राहिली. बैल वांचले, माणसेंहि वांचलीं. पोराचें कपाळ पुढच्या फळीवर आपटलें, त्याला तीन टांके पडले. रात्रीं त्याला घरीं आणलें तेव्हां त्याच्या हातांत व्याकरणाचें नवें पुस्तक तसेंच होतें, आणि त्यावर रक्ताचा डाग होता. सूनबाईनें मुलाला जवळ घेतलें. तिनें आमच्याकडे पाहिलेंहि नाहीं. पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही स्वतः गाडीबरोबर मिस्त्रीकडे गेलों. गांवाबाहेर त्याचें दुकान आहे. हा मिस्त्री आमचा जुना विद्यार्थी. संस्कृतांत देव शब्दाच्या तृतीयेपलीकडे तो कधीं गेला नाहीं, आणि त्याबद्दल आमच्या हातची छडी त्यानें पुष्कळ खाल्ली. त्यानें आम्हांस लाकडी बाकावर बसविलें, पाया पडला, आणि म्हणाला, "गुरुजी, आधीं दिव्यांची हजेरी घेऊं."

हजेरीचा अर्थ असा. किल्ली फिरविली कीं, इंजिन सुरू होण्यापूर्वीं धोक्याचे दिवे पेटले पाहिजेत. ते पेटले म्हणजे आम्ही जागे आहों, असें त्यांनीं सांगितलें. मग आपापलें ठीक असेल तसा एकेक विझतो. हातब्रेकचा तांबडा दिवा ब्रेक सोडल्यावर विझतो, हवेच्या दाबाचा तांबडा दिवा टाक्या भरल्यावर विझतो, आणि ए. बी. एस.चा पिवळा दिवा कांहीं गाड्यांत दोनतीन सेकंदांत, तर कांहींत गाडी थोडी चालूं लागल्यावर विझतो. आमच्या गाडींत पट्टी काढतांच पिवळा दिवा हजर झाला. परंतु मिस्त्रीनें टाक्यांतील हवा सोडून दिली, दाबाची सुई तळाशीं आली, तरी दाबाचा तांबडा दिवा पेटेना, आणि त्याच्या जोडीचा बझरहि वाजेना. मिस्त्रीनें फळीच्या मागें हात घातला आणि एक सुटी तार बाहेर ओढली. तिच्या टोंकाला व्यवस्थित पट्टी गुंडाळलेली होती. हें कोणीं व कधीं केलें, तें कळावयास मार्ग नव्हता. गाडी आमच्याकडे आल्यापासून तो दिवा पेटलेला कोणासच आठवेना. पेटत नाहीं, म्हणून सर्वांस समाधान मात्र होतें.

येथें आमच्या तर्कशास्त्राची आम्हांस लाज वाटली. धूर दिसला तर अग्नीचें अनुमान करावें, हें आम्ही मुलांना शिकविलें. परंतु धूर नाहीं म्हणून अग्नि नाहीं, असें अनुमान करूं नये, हेंहि त्याच शास्त्रांत आहे. तापलेल्या लोखंडी गोळ्याचें उदाहरण त्यासाठींच देतात, कारण त्यांत अग्नि असून धूर नसतो. दिवा पेटला म्हणजे कांहीं बिघडलें असावें, हें खरें. परंतु दिवा पेटत नाहीं याचे अर्थ दोन होतात: सर्व ठीक आहे, किंवा दिवाच मेला आहे. यांतील कोणता अर्थ खरा, हें हजेरी घेतल्यावांचून कळत नाहीं.

मिस्त्रीनें तार जोडली, इंजिन चालवून टाक्या भरल्या, इंजिन बंद केलें, आणि चालकाला ब्रेकवर पाय दाबून धरावयास सांगितलें. पाय उचललेला असतांना सुई स्थिर होती. पाय दाबला कीं ती हळूहळू उतरूं लागली. "म्हणजे गळती ब्रेकच्या पायापासून चाकाकडे जाणाऱ्या नळींत आहे, एरवीं तेथें दाब नसतो, म्हणून फुसफुस ऐकूं येत नाहीं," असें त्यानें सांगितलें. त्यानें साबणाचें पाणी घेऊन सांध्यांस व नळ्यांस लावलें. मागच्या नळीवर, जेथें ती सांगाड्याच्या कडेला घांसत होती तेथें, बुडबुडे फुलूं लागले. मुंबईच्या वाटेवर कसाऱ्याच्या घाटांत ब्रेक पुनःपुनः दाबावा लागतो. तेथें हा दाब किती उतरला असता, आणि सांगणाऱ्या दिव्याची तार तुटलेली असतां चालकाला तें केव्हां कळलें असतें, याचा विचार आम्ही बाकावर बसून करीत राहिलों. सुई होतीच, परंतु घाटांत, पावसांत, रात्रीं, सुईकडे कोण पाहतो?

या ठिकाणीं वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. हवेच्या ब्रेकची कल्पना मुळांत आगगाडीची. अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यानें तिचें पेटंट १८६९ सालीं मिळविलें, आणि पुढें थोड्याच वर्षांत तींत अशी सुधारणा केली कीं, नळी तुटून हवा गेली तर ब्रेक सुटूं नये, उलट लागावा. आजच्या ट्रकच्या मागच्या चाकांनाहि हेंच तत्त्व आहे. तेथें एक जबरदस्त स्प्रिंग ब्रेक लावण्यास टपलेली असते आणि हवा तिला मागें रेटून धरते; हवा संपली कीं स्प्रिंग आपलें काम करते. शहाण्या मनुष्यानें यंत्र असें रचलें कीं, त्याला मूर्च्छा आली तरी त्यानें अपाय करूं नये. परंतु चाक भलत्या वेळीं, भलत्या जागीं आंवळलें गेलें तर तेंहि संकटच. म्हणून त्याच्या आधीं दिवा पेटावा आणि बझर वाजावा, अशी योजना आहे.

मग पिवळ्या दिव्याची पाळी आली. मिस्त्रीनें फळीखालचें एक बटण दाबून सोडलें. दिवा लुकलुकला: तीन वेळां, मग थांबला, मग चार वेळां. मिस्त्री आमच्याकडे पाहून हंसला. "गुरुजी, पहिला आंकडा दोष कोणता तें सांगतो, दुसरा आंकडा कोणत्या चाकाचा तें सांगतो. या बनावटीच्या कोष्टकांत तीन म्हणजे सेन्सरचें अंतर वाढलें, आणि चार म्हणजे मागचें डावें चाक. दुसऱ्या बनावटीचें कोष्टक निराळें." आम्हीं मनांत म्हटलें, हा तर प्रातिपदिक आणि विभक्ति वेगळी काढून दाखवीत आहे! ज्याला आम्हीं छड्या मारल्या, त्यानें दिव्याचें पदच्छेद करून आम्हांस अन्वय लावून दिला.

ए. बी. एस. या तीन अक्षरांत काय आहे, तें त्यानें जॅक लावून चाक उतरवितांना समजाविलें. प्रत्येक चाकाच्या आंतल्या बाजूस एक दांतेरी कडें असतें; ट्रकांत बहुधा त्याला शंभर दांते असतात. त्याच्यासमोर बोटाएवढा सेन्सर बसविलेला असतो, आणि त्यांत लोहचुंबक व तारेचें वेटोळें असतें. दांता समोरून गेला कीं वेटोळ्यांत विजेची सूक्ष्म लहर उठते. चाक जितकें वेगानें फिरेल, तितक्या लहरी अधिक. यंत्राचा मेंदू या लहरी मोजीत असतो. ब्रेक दाबल्यावर एखाद्या चाकाच्या लहरी एकदम मंदावल्या, तर तें चाक आतां अडकून घसरणार, असें तो ताडतो, आणि त्या चाकाची हवा क्षणभर सोडून पुन्हां भरतो. असें एका सेकंदांत अनेक वेळां. कठोपनिषदांत बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटलें आहे. चांगला सारथी लगाम नुसता खेंचून धरीत नाहीं. तो ओढतो, सोडतो, पुन्हां ओढतो. नुसत्या ओढण्यानें घोडा बिथरतो, आणि नुसत्या दाबण्यानें चाक घसरतें. रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर तर फारच लौकर घसरते, कारण तिचा भार चाकांवर नसतो. राजूरच्या रस्त्यावर नेमकें हेंच झालें होतें.

ही युक्ति विमानांच्या चाकांसाठीं १९५० च्या सुमारास वापरांत आली. १९७८ सालीं जर्मनींत ती विजेच्या मेंदूसह मोटारगाडीला लागली, १९८१ मध्यें ट्रकला लागली. आपल्याकडे २०१५ पासून नव्या अवजड वाहनांस, आणि २०१९ पासून १२५ सी. सी.हून मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींस ती सक्तीची झाली. म्हणजे हा पिवळा दिवा आतां कांहीं ट्रकवाल्यांचाच राहिला नाहीं. वाचकांच्या अंगणांतहि तो येऊन उभा असेल.

मिस्त्रीनें मीटर काढून सेन्सरच्या तारेचा विद्युत्‌-रोध मोजला. तो नऊशें ते दोन हजार ओहमांच्या दरम्यान असावा लागतो. तो ठीक होता. म्हणजे तार तुटलेली नव्हती. मग त्यानें चाकाचा हब हातानें दोन सेकंदांत एक फेरा या वेगानें फिरविला. चांगला सेन्सर अशा वेळीं निदान ०.२ व्होल्ट दाखवितो. आमचा जवळजवळ कांहींच दाखवीना. "म्हणजे सेन्सर जिवंत आहे, पण कड्यापासून दूर सरकला आहे. हें अंतर एका मिलिमीटरहून कमी पाहिजे. आतां प्रश्न असा, गुरुजी, कीं त्याला मागें कोणीं ढकललें?"

नवशिका मिस्त्री येथें सेन्सर पुढें दाबून मोकळा झाला असता, आणि दिवाहि चार दिवस विझला असता. आमच्या विद्यार्थ्यानें हब वरखालीं धरून हलविला. तो हातांत डगमगला. आंतील बेअरिंग झिजून सैल पडलें होतें. हब हेलकावत होता, आणि त्याच्या हेलकाव्यानें दांतेरी कडें सेन्सरला रोज थोडेंथोडें मागें रेटीत होतें. "दिवा सेन्सरसाठीं रडत नव्हता," तो म्हणाला, "चाकासाठीं रडत होता. आणखी कांहीं खेपा झाल्या असत्या तर बेअरिंग तापून चाकच धरलें असतें." त्यानें बेअरिंग बदललें, सेन्सर हातानें हलकेच कड्याला टेंकेपर्यंत सरकविला, कारण हातोडीनें ठोकला तर तो मरतो. मागची नळी नवी घातली, ती सांगाड्याला घांसूं नये अशी बांधली, आणि पुन्हां सर्व दिव्यांची हजेरी घेतली. निघतांना तो म्हणाला, "तांबडा दिवा लागला तर गाडी जागच्याजागीं सुरक्षित उभी करावी. पिवळा लागला तर साधा ब्रेक लागतो, पण राखणदार झोंपलेला असतो. सांभाळून चालवून लौकर दाखवावी. आणि गुरुजी, पट्टी कोणत्याच दिव्यावर लावूं नये." छडी न घेतां दिलेला हा धडा होता.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. गाडीचा विचार कमी आणि घराचा अधिक, असें झालें. आमच्या वहिनी, म्हणजे याच पुतण्याची आई, आठ वर्षांपूर्वीं वारल्या. त्या गेल्यावर भेटावयास आलेल्या प्रत्येकाला आम्हीं अभिमानानें सांगितलें होतें कीं, तीस वर्षांत वहिनींनीं कधीं कसली तक्रार केली नाहीं. पोटांतलें दुखणें त्यांनीं सांगितलें तें डॉक्टरांचे उपाय संपल्यावर. आजवर ही आम्हीं त्यांची सहनशीलता मानली. त्या रात्रीं आम्हांस पट्टी गुंडाळलेली ती तार दिसूं लागली. वहिनींचा दिवा पेटत नव्हता, म्हणून आम्ही सारे समाधानांत होतों. तार कोणीं सोडविली, हें मात्र येथें शोधावें लागत नव्हतें. जेवण उशिरा झालें म्हणून कपाळाला आठी घालणारे आम्ही, "घरांतलीं दुखणीं बाहेर सांगूं नयेत" म्हणणारे आमचे बंधु, आणि "त्यांना काय होतें आहे?" असें म्हणून पुढें जाणारीं आम्ही सर्व मंडळी! थोडीथोडी करून ती आम्हीं सर्वांनींच सोडविली होती.

आणि आतां या घरांत एक दिवा पिवळा कां होईना, पण उघड पेटला होता. त्यावर पट्टी लावणारा हात आमचाच होता.

सकाळीं आम्हीं सूनबाईला बोलाविलें. घरांतील वडील मनुष्यानें धाकट्यांपाशीं चूक कबूल कशी करावी, याचें कांहीं शास्त्र आम्ही शिकलेलों नाहीं. आम्हीं एवढेंच म्हटलें, "सूनबाई, चैत्रांत तूं सांगितलेंस तें बरोबर होतें. आम्हीं ऐकावयास पाहिजे होतें." ती दाराशीं उभी होती. थोडा वेळ तिला शब्द सुचला नाहीं. मग ती म्हणाली, "मामंजी, मीहि पुन्हां सांगावयास पाहिजे होतें. एकदां सांगून गप्प बसलें." तिचे डोळे भरून आले, आणि आमचेहि आले. पुतण्या खालमानेनें चहा पीत होता. त्यालाहि चहा कडू लागला असावा.

विजयादशमीला आमच्याकडे पुस्तकांची व पाटीची पूजा होते. आतां तींत ट्रकहि आला आहे. यंदा आम्ही हळदकुंकू घेऊन अंगणांत गेलों, तेव्हां नारळ फोडण्यापूर्वीं आम्हीं किल्ली सूनबाईच्या हातीं दिली. ती साडीचा पदर खोंचून वर चढली आणि तिनें किल्ली फिरविली. तिचा मुलगा खालून, कपाळावरच्या फिकट होत चाललेल्या व्रणासह, मोठ्यानें विचारूं लागला: "हातब्रेक?" "हजर!" "हवा?" "हजर!" "ए. बी. एस.?" "हजर!" मग चालकानें गाडी दहापंधरा पावलें पुढें नेली. सूनबाई शेजारच्या बैठकीवर वांकून पाहत होती. पिवळा दिवा विझल्याचें तिनें हात वर करून सांगितलें, आणि मग आम्हीं गाडीला हार घातला.